पिझ्झा दुकानात चांगला, दारात खराब: तालुक्याच्या गावातल्या डिलिव्हरीबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही विषय कळेल. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुम्ही आठ महिन्यांपूर्वी पिझ्झाचं दुकान टाकलं. दुकानात बसून खाणारे खूश आहेत. घरी मागवणारे मात्र चार गोष्टी बोलतात: थंड आला, ओला झाला, चीज कमी होतं, उशीर केला. गूगलवरचे तारे घसरून साडेतीनच्या खाली आले. तुम्ही विचारता की चीज बदलू, ओव्हन बदलू, की उशीर झालेल्या प्रत्येक ऑर्डरवर कोल्ड्रिंक फुकट देऊ? आणि आठ किलोमीटरवरच्या गावांना सरळ नाही म्हणावं का?

माझं दुकान वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्याच गावी आहे. त्याआधी बरीच वर्षं नागपुरात पिझ्झाच्या किचनमध्ये ओव्हनवर उभा होतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, तुमच्या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. पिझ्झा उशिरा पोहोचला की थंड होतो. थंड झाला की चीज आक्रसतं आणि कमी दिसतं. डब्यात कोंडलेली वाफ पाणी होऊन बेसवर उतरली की तो ओला होतो. गिऱ्हाईक यातलं त्याला जे आधी जाणवलं तेवढं बोलून फोन ठेवतं. त्या एका वाक्यावरून चीज बदलायला गेलात तर पैसे जातील आणि तक्रार राहील.

म्हणून काहीही बदलायच्या आधी एक करा. संध्याकाळी गर्दीच्या वेळी नेहमीसारखा एक पिझ्झा बनवा, डब्यात घाला, डबा बॅगेत, बॅग डिलिव्हरीच्या पोराच्या गाडीवर. त्याला गावाला एक चक्कर मारून पंचवीस मिनिटांनी तुमच्याच घरी द्यायला सांगा. घरी बसून, घरच्या माणसांसोबत, पैसे देऊन घेतल्यासारखा खा. दुकानात ओव्हनसमोर उभं राहून आपण जो तुकडा तोंडात टाकतो, तो तुमच्या घरपोच गिऱ्हाइकाला कधीच मिळत नाही. तुम्ही विकता तो माल दारात पोहोचलेला पिझ्झा आहे. पुढचं सगळं मी याच एका गोष्टीला धरून सांगणार आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. बेस बेकरीतून तयार घेता की डो स्वतः मळता? ओव्हन गॅसचा की लाईटचा, आणि एका वेळी किती पिझ्झे बसतात? पोरं दोन आहेत म्हणता, पण दोघंही रोज येतात का? त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका, त्यामागचा हिशोब बघा.

उशीर होतो कुठं?

दुकानदाराला वाटतं उशीर रस्त्यावर होतो. तालुक्याच्या गावात तो बहुतेक वेळा किचनमध्ये होतो, कारण गाव तेवढं मोठंच नसतं. हे डोळ्यांनी बघायचं तर ऑर्डरच्या प्रत्येक चिठ्ठीवर घड्याळातल्या चार वेळांची नोंद करायला लावा: फोन कधी आला, पिझ्झा ओव्हनमध्ये कधी गेला, पोरगा कधी निघाला, दारात कधी दिला. शेवटची वेळ पोराने तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची. आठवडाभर एवढंच करा, बाकी काही बदलू नका. चार वेळांमधल्या तीन फटींपैकी कुठली मोठी आहे ते चिठ्ठ्याच सांगतील.

ओव्हनचा हिशोब करून बघा. समजा तुमच्या ओव्हनमध्ये दहा इंचाचे दोन पिझ्झे बसतात. भाजायला आठ मिनिटं, काढणं-घालणं आणि दार उघडल्याने पडलेली आच परत चढणं धरून एका घाण्याला दहा मिनिटं. तासाला बारा पिझ्झे झाले, तेही हात न थांबवता. आता शनिवारी साडेसात ते साडेआठ या तासात तुम्ही वीस पिझ्झ्यांची ऑर्डर घेतली, तर शेवटचा पिझ्झा ओव्हनमधून निघायला नऊ वाजून दहा मिनिटं होतात. साडेआठला फोन केलेल्या माणसाची चाळीस मिनिटं दुकानातच गेली. त्यात पोराचा काही दोष नाही, आणि त्याला "लवकर जा बे" म्हणून गाडी पळवायला लावून तर काहीच साधत नाही.

यावर मोठा ओव्हन हा एक उपाय आहे, पण शेवटचा. आधी गर्दी पसरवता येते का बघा. वाढदिवसाच्या ऑर्डरी आदल्या दिवशी कळतात. त्यांना साडेसहाची वेळ द्या आणि त्या वेळेसाठी दहा-वीस रुपये कमी करा, लोक आनंदाने घेतात. सॉस, कांदा, सिमला मिरची, पनीर सहा वाजायच्या आत चिरून, मोजून डब्यांत भरून ठेवा. ओव्हन बंद करून परत तापवण्याची काटकसर संध्याकाळी नको. आणि एक नियम भिंतीवर लावा: पुढच्या तासाचे ओव्हनचे पिझ्झे भरले की फोनवर पुढची वेळ सांगायची, जुनी नाही.

दुसरी फट निघते ती पिझ्झा तयार झाल्यापासून पोरगा निघेपर्यंत. ही चोरटी असते. दुकानदार म्हणतो, "थांब, त्याच बाजूची अजून एक ऑर्डर होऊन राहिली, दोन्ही संगच ने." पेट्रोल वाचतं, पहिला पिझ्झा मरतो. काउंटरवर बारा मिनिटं पडलेला डबा बाहेरून गरम लागतो, आतला बेस तोवर मऊ पडलेला असतो. माझ्याकडे आम्ही उलट करतो. पोरगा परत यायच्या बेतात नसेल तर पिझ्झा ओव्हनमध्ये जातच नाही. तो रचून तयार असतो, झाकलेला. पोराने परतताना फोन केला की घाणा आत. भाजून झाल्यावर वाट बघण्यापेक्षा भाजायच्या आधी वाट बघितलेली केव्हाही बरी. दोन ऑर्डरी एकाच वाटेवर असतील तर जरूर जोडा, तिसरी जोडू नका.

आता फोनवरचं बोलणं. "दहा मिनिटांत पोहोचतो" आणि "निघाला निघाला" ही दोन वाक्यं दुकानातून हद्दपार करा. आपल्याकडच्या लोकांना पन्नास मिनिटं चालतात. पन्नास सांगून चाळीसमध्ये आलेला माणूस चांगला, वीस सांगून पस्तीसमध्ये आलेला खोटारडा. वेळेची हमी वगैरे देऊ नका. डॉमिनोजसारख्या कंपनीनेसुद्धा अमेरिकेतली तीस मिनिटांची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, कारण ती हमी पाळण्याच्या घाईवरून अपघात आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्या रस्त्यांवर, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधून, अंधारात ती घाई तर नकोच. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. त्या दोन-तीन महिन्यांत त्या बाजूच्या घरांना मी सरळ पंधरा मिनिटं जास्त सांगतो.

वाफ आणि पाणी

थंड होण्यापेक्षा ओला होणं वाईट. थंड पिझ्झा गरम करता येतो, गिजगिजा झालेला बेस परत कुरकुरीत होणं अवघड. पाणी दोन ठिकाणांहून येतं, वरच्या भाज्यांतून आणि डब्यातल्या वाफेतून.

कांदा, टमाटर, सिमला मिरची, मशरूम, डब्यातला मका, सगळ्यांत पाणी. टमाटराच्या बिया आणि गर काढून टाका. मका चाळणीत निथळून घ्या, आणि तेवढ्यावर न थांबता कापडावर टाका. मशरूम आधी कोरड्या तव्यावर परता. पनीर दह्याच्या मसाल्यात घोळवत असाल तर दही टांगलेलं हवं. सॉस पातळ असेल तर तो आटवा. तयार सॉसमध्ये पाणी घालून वाढवायची सवय असेल तर सगळ्यात आधी तीच थांबवा. बेसवर सॉसनंतर थोडं चीज, मग भाज्या, मग वर उरलेलं चीज असा क्रम ठेवा. खालचा चीजचा थर भाजीचं पाणी बेसपर्यंत लवकर जाऊ देत नाही. आणि भाज्या कमी घाला हो. डोंगर रचला की गिऱ्हाइकाला भरपूर दिल्यासारखं वाटतं, पण मधला भाग कच्चा राहतो आणि तोच आधी बसतो.

बाहेर जाणाऱ्या पिझ्झ्याचा तळ दुकानातल्यापेक्षा थोडा जास्त भाजा. तयार बेस वापरत असाल तर तो आधी नुसताच दोन मिनिटं ओव्हनमध्ये भाजून घ्या, मग सॉस लावा. डो स्वतः मळत असाल तर उन्हाळ्यात वेगळीच डोकेदुखी असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. सकाळी मळलेला डो दुपारपर्यंत फुगून आंबट होतो आणि भाजल्यावर फिका, चामट लागतो. यीस्ट निम्म्यावर आणा, बर्फाचं पाणी वापरा, गोळे करून लगेच फ्रीजमध्ये टाका. लाईट जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहिला तर ते गोळे फेका. गार्लिक ब्रेडला वापरून टाकू म्हणाल तर तिथूनही तक्रारच येईल.

ओव्हनमधून निघालेला पिझ्झा लगेच डब्यात कोंबू नका. जाळीवर एक-दीड मिनिट ठेवा, पहिली जोराची वाफ निघून जाऊ द्या. उष्णता थोडी जाते, पण बेस वाचतो. कापायचा तो पाटावर. डब्यात कापला की पुठ्ठा चिरतो आणि तेल-सॉस खाली जातो. डब्याला बाजूने भोकं असतात, ती अर्धवट कापलेली येतात आणि बोटाने दाबून उघडावी लागतात. अर्ध्या दुकानांत ती कोणी उघडतच नाही. झाकण चीजला चिकटू नये म्हणून मध्ये प्लास्टिकची तीन पायांची छोटी तिपाई मिळते, तिचं पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले या बाईंना १९८५ मध्ये मिळालं. पैशांत येते आणि "अर्धं चीज झाकणालाच लागून आलं" ही तक्रार बंद करते.

बॅगेबद्दल दोन गोष्टी, आणि यातली पहिली मला सगळ्यात जास्त दुकानांत दिसते. थंड कोल्ड्रिंकची बाटली पिझ्झ्याच्या बॅगेत घालू नका. बाटली पिझ्झा थंड करते, पिझ्झा बाटली गरम करतो, आणि बाटलीच्या अंगावर आलेलं पाणी पुठ्ठा पितो. बाटली वेगळ्या पिशवीत, हँडलला. दुसरं, बॅग आडवीच राहिली पाहिजे. गाडीच्या मागे सपाट कॅरिअर बसवून घ्या. पोरगा बॅग खांद्याला तिरकी अडकवून नेत असेल तर गतिरोधकांवर चीज आणि टॉपिंग एका कोपऱ्यात जमणारच. रात्री बॅग उघडी ठेवून वाळवा, नाहीतर चार दिवसांत तिला जो वास येतो तो पिझ्झ्याला लागतो.

चीज आणि साइज

चीजचं सांगतो, पण आधी एक विचारतो. तुमच्याकडे चीज मुठीने घालतात की काट्यावर मोजून? मुठीने घालत असाल तर तक्रार खरी आहे. कारागिराची मूठ मोठी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी बसलेल्या पोराची लहान, आणि गर्दीत दोघांचीही अजून लहान. गिऱ्हाइकाला मागच्या वेळचा पिझ्झा आठवतो. ग्रॅमचा काटा घ्या. मी दहा इंचाला ११० ग्रॅम आणि सात इंचाला ५५ ग्रॅम घालतो. तुम्ही भावानुसार कमी-जास्त ठरवा, पण ठरलं की रोज तेवढंच.

बाजारात स्वस्तात मिळणारं पुष्कळसं "पिझ्झा चीज" हे अ‍ॅनालॉग असतं. दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी पाम तेलासारखं वनस्पती तेल, शिवाय स्टार्च. गरम असताना ते बऱ्यापैकी दिसतं. थंड झालं की रबरासारखं होतं आणि टाळूला तेलकट थर लागतो. म्हणजे दुकानात खाणाऱ्याला फरक कळत नाही, घरी मागवणाऱ्याला कळतो. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर मेन्यूवर मोझरेला लिहू नका, दुधाच्या चीजच्या नावाने तो माल विकणं नियमात बसत नाही. घरपोच धंदा करायचा तर खरं मोझरेलाच वापरा असं माझं मत आहे. परवडत नसेल तर किंमत वीस रुपये वाढवा. चीज बदलायचा सल्ला माझ्याकडून फक्त या एका बाबतीत.

साइजची तक्रार तुम्ही लिहिली नाही, पण येत असेल. मेन्यूवर स्मॉल-मीडियम लिहू नका, इंच लिहा. आणि फोनवरच्या माणसाला हे तोंडपाठ हवं की सात इंचाचे दोन आणि दहा इंचाचा एक यांत माल जवळपास सारखा असतो (साताचा वर्ग ४९, दहाचा १००). चार माणसांसाठी सात इंचाचा एक मागवणारा नंतर "एवढुसाच आला" म्हणणार, ते फोनवरच थांबवता येतं.

आठ किलोमीटरवरची गावं

याचं उत्तर गावावर नाही, वेळेवर ठरवा. आठ किलोमीटर डांबरी रस्त्याचे असतील तर पंधरा मिनिटं. पाच किलोमीटर पांदणीचे असतील तर पावसाळ्यात पोहोचायचीच खात्री नाही, काळी माती चाकात भरली की गाडी ढकलत न्यावी लागते. दुकानातून वीस मिनिटांच्या आतली घरं नेहमीची घ्या. त्यापलीकडची गावं नाकारू नका, पण त्यांना वेगळी पद्धत लावा.

आमच्याकडे खेप असते. एका रस्त्यावरची गावं एकत्र. पावणेसातपर्यंत ज्यांनी फोन केला त्यांचे पिझ्झे साडेसातला एकाच गाडीवर निघतात. कमीत कमी रक्कम ठरलेली. आतल्या गावांचे लोक फाट्यावर येऊन घेतात, पोरगा तिथे किती वाजता पोहोचेल ते आधीच सांगितलेलं असतं. सुरुवातीला मला वाटलं होतं, फाट्यावर कोण येणार? पण लोक येतात. तालुक्याला जाऊन-येऊन जेवढा खर्च होतो तेवढ्यात अजून एक पिझ्झा येतो हा हिशोब गावातल्या माणसाला सांगावा लागत नाही. सोयाबीन विकल्यानंतरचे दिवस आणि तान्हा पोळा, या वेळी तर पोट्ट्यांच्या हट्टापायी एकेका गावातून दहा-दहाच्या ऑर्डरी येतात.

खेपेचा मेन्यू मी छोटा ठेवतो. टमाटर-मशरूमवाले नाहीत. पनीर-ठेचा, कांदा-सिमला मिरची, मका-चीज आणि चिकनचा एक कोरडा प्रकार, एवढेच. ठेच्यात पाणी जवळजवळ नसतं आणि तेल असतं, म्हणून तो प्रवासात फार चांगला टिकतो, शिवाय इकडच्या जिभेला रुचतो. सावजी मसाल्याचा चिकन पिझ्झा लोक मागतात, पण त्याचा रस्सा पूर्ण आटवल्याशिवाय लांब पाठवू नका.

आणि डब्यावर मराठीत एक स्टिकर लावा: "गार झाला असल्यास तवा गरम करून मंद आचेवर ठेवा, वर झाकण घाला, तीन मिनिटांनी खा." मायक्रोवेव्ह सगळ्यांकडे नसतो, आणि असला तरी त्यात बेस चामट होतो. तवा प्रत्येक घरात आहे आणि पिझ्झ्याचा तळ परत कुरकुरीत करायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. हा स्टिकर लावल्यावर माझ्याकडच्या खेपेच्या तक्रारी जवळपास थांबल्या. थंड येणार हे आपण आधीच सांगितलेलं असतं, आणि करायचं काय तेही.

ज्यात माफी नसते ती चूक

तुमच्या प्रश्नात मांसाहाराचा उल्लेख नाही, पण चिकन विकत असाल तर हे वाचाच. थंड पिझ्झ्याला लोक माफ करतात. व्हेजच्या डब्यात चिकनचा तुकडा निघाला तर करत नाहीत, आणि करूही नये. आपल्या भागात जैन घरं आहेत, माळकरी आहेत, महानुभाव पंथाची घरं आहेत. एका घरात झालेली चूक दुसऱ्या दिवशी गावभर असते. कापायचं चक्र वेगळं, पाट वेगळा, हातमोजे वेगळे, डब्यावर हिरवा-लाल स्टिकर, आणि एका बॅगेत दोन्ही नाही. श्रावणात आमच्याकडे चिकनची मागणी इतकी कमी होते की त्या महिन्यापुरतं आम्ही ते बंदच ठेवतो आणि तसा बोर्ड लावतो. त्या महिन्यात नवीन व्हेज घरं जोडली जातात. कांदा-लसूण नसलेला सॉस मागणाऱ्यांना तो खरोखर वेगळा बनवून देता येत असेल तरच हो म्हणा.

तक्रार आली तर

आतापर्यंत जे सांगितलं ते तक्रार येऊच नये म्हणून: वेळ किचनमध्ये वाचवा, पाणी डब्यात जाऊ देऊ नका, चीज मोजा, लांबच्या गावांना खेप लावा. तरी तक्रारी येतील. लाईट जाईल, गाडी पंक्चर होईल.

फुकट कोल्ड्रिंक देऊ नका. उशिराची ती किंमत झाली, उपाय नाही. दर शनिवारी तुम्ही ती मोजत राहाल आणि गिऱ्हाईकही उशिराची वाट बघायला शिकेल. त्याऐवजी तीन गोष्टी ठरवून टाका. चुकीचा पिझ्झा गेला, केस निघाला, व्हेज-नॉनव्हेजची गडबड झाली, तर पैसे त्याच क्षणी परत, एकही प्रश्न न विचारता. सांगितलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त झाली आणि पिझ्झा थंड होता, तर नवीन पिझ्झा, त्याच रात्री. चव आवडली नाही, तर ऐकून घ्या, आभार माना, पैसे देऊ नका. हे अधिकार पोराच्या हातात द्या. दारात उभं राहून "काकू, थांबा, शेठले इचारतो" म्हणणाऱ्या पोरापेक्षा "चुकलं आमचं, अर्ध्या तासात दुसरा आणतो" म्हणणारा पोरगा दुकानाची इज्जत राखतो.

गूगलवरच्या तुमच्या दुकानाच्या उत्तरांमध्ये वाद घालू नका. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे वाईट लिहिणारा कोण हे तुम्हाला लगेच कळतं आणि हात शिवशिवतात. दोन ओळी पुरेत: "त्या दिवशी पिझ्झा उशिरा पोहोचला, चूक आमची. तुम्हाला फोन करतो." आणि खरंच फोन करा. फुकट पिझ्झ्याच्या बदल्यात पाच तारे मागू नका. गूगलच्या नियमांत असा मोबदला देऊन घेतलेला अभिप्राय चालत नाही, आणि शेजारचा दुकानदार तक्रार करायला टपलेलाच असतो.

तसं बघितलं तर तालुक्याच्या गावात गूगलपेक्षा पानठेल्यावरचं बोलणं महत्त्वाचं. त्याहून महत्त्वाचं जो काहीच बोलत नाही तो. नागपुरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. आपल्याकडे पिझ्झा मागवणारी घरं मोजकी असतात आणि ती तीच-तीच असतात. फोन नंबरनिशी एक वही ठेवा. महिन्यातून दोनदा मागवणारं घर सव्वा-दीड महिना दिसलं नाही, की फोन करा: "गुरुजी, बरेच दिवस ऑर्डर नाही, काही कमी-जास्त झालं का जी?" निम्मे म्हणतील परीक्षा आहे, पाहुणे आहेत, पंढरपूरला गेलो होतो. उरलेल्यांपैकी एखादा जे सांगेल ते तुम्हाला कुठल्याच ताऱ्यात वाचायला मिळणार नाही. मला असंच कळलं होतं की एका वस्तीत आमचा पोरगा दारात न येता हॉर्न वाजवून लोकांना बाहेर बोलावतो. पिझ्झ्याबद्दल त्या वस्तीची काहीच तक्रार नव्हती.

शेवटी पोरांचं. फक्त फेरीवर पैसे देत असाल तर ती गाडी पळवणारच. महिन्याचा पगार ठरवा, त्यावर फेरीमागे थोडे, पेट्रोल वेगळं. लायसन्स नसलेल्याला गाडी देऊ नका, हेल्मेट तुम्ही घेऊन द्या. पाचशेची मोड आणि क्यूआर कोड दोन्ही त्याच्याजवळ असू द्या, दारात सुट्ट्यांवरून पाच मिनिटं गेली की तीही पिझ्झ्याचीच जातात. "पाण्याच्या टाकीजवळ, हनुमान मंदिराच्या मागं" असे पत्ते पहिल्या वेळी लोकेशन मागवून त्याच वहीत लिहून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आम्ही घरपोच देतच नाही, दुकानात या म्हणतो. पहिल्या वर्षी काही लोक रागावले. मे महिन्यात दीड वाजता डांबरी रस्त्यावर वीस मिनिटं गाडी चालवून बघा म्हटलं की बोलणं संपतं.